पाच हॉर्सपॉवरचा फोर बाय फोर: एका मिस्त्रींच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मिस्त्री,

तुम्ही नाव दिलेलं नाही, पण ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये २२ वर्षं काढली असं लिहिलंय, म्हणून मिस्त्रीच म्हणतो. भंगारातली जीप आणि विहिरीवरचं जुनं इंजिन यांतून आम्ही डाळिंबाच्या बागेसाठी छोटा ट्रॅक्टर केला, त्या लेखावर तुम्ही चार गोष्टी सुनावल्यात. पाच हॉर्सपॉवरवर चार चाकं फिरवणं म्हणजे शेळीला नांगराला जुंपणं. जीप रस्त्याची गाडी, तिची हाउसिंगं, म्हणजे ज्यांच्या पोटात चाकांचे शाफ्ट आणि गिअर असतात ते आडवे सांगाडे, मातीत टिकणार नाहीत. एवढ्या पैशांत जुना मिनी ट्रॅक्टर आला असता. आणि फोटोतल्या उघड्या पट्ट्यात एक दिवस कुणाचा तरी हात जाणार.

चौथा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, त्यावर खाली सविस्तर लिहितो. पण पहिले दोन मला मान्य नाहीत. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाचं ऐकून कुणी हा नाद सोडून दिला तर वाईट वाटेल, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी चार चाकांना जोर कशाला, ते सांगतो. आमची बाग सांगोल्याच्या बाजूला. वरचा तुकडा मुरमाड, उताराचा, खालच्या अंगाला काळी जमीन. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा, धरला की फळं वाढायची आणि पावसाची वेळ एकच येते. पाऊस उघडला, बागेत दमट कोंदटपणा राहिला, की तेल्याचे (डाळिंबावरच्या जिवाणूजन्य रोगाचे) डाग दिसायला वेळ लागत नाही. त्या वेळी फवारा आजच्या आज पडायला हवा, चार दिवसांनी पडून उपयोग नाही. आणि नेमक्या त्याच दिवशी काळ्या तुकड्यात मागच्या दोन चाकांचा ट्रॅक्टर रुततो. भाड्याचा ट्रॅक्टर दोन ओळींच्या मध्ये कमरेपर्यंत बसलेला मी पाहिलाय. तो काढताना आठ झाडं मोडली आणि ठिबकच्या नळ्या उखडल्या, त्या वेगळ्याच. पाण्याची टाकी घेऊन ओल्या जमिनीवरून जाऊन परत येईल असं काहीतरी हवं, एवढ्यावरून हे काम सुरू झालं.

आता हॉर्सपॉवर. मिस्त्री, तुम्ही आकडा इंजिनाचा बघितलात, मी चाकाचा बघतोय. इंजिन किर्लोस्करचं, पाच हॉर्सपॉवरचं, मिनिटाला १५०० फेरे. वडिलांनी विहिरीसाठी घेतलेलं. वीज आली तेव्हापासून खोपीत पडून होतं. त्याच्या ६ इंची पुलीवरून पट्टे १२ इंची पुलीवर घेतले, म्हणजे गिअरबॉक्सच्या तोंडाशी ७५० फेरे राहिले. जीप जुनी, सीजे थ्री बी मॉडेलची, तीन गिअरची. वेग किती पट कमी होतो ते आकडे असे: पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा) लो, म्हणजे मंद गिअर, २.४६, आणि हाउसिंगमधले क्राऊन-पिनियन गिअर ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७. ७५० ला ३७ ने भागा, चाक मिनिटाला २० फेरे करतं. ६.०० बाय १६ च्या टायरचा घेर धरा २.२ मीटर. म्हणजे मिनिटाला ४४ मीटर, ताशी २.६ किलोमीटर. बैलाची चाल.

या चालीला ओढ किती मिळते? एक हॉर्सपॉवर म्हणजे ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलण्याची ताकद. पट्टा, गिअर, बेअरिंगं यांत तीस टक्के गेले समजा, साडेतीन हॉर्सपॉवर चाकाला पोचते. सेकंदाला पाऊण मीटर चाल धरली तर ओढ येते साडेतीनशे किलो. बैलजोडी दिवसभर ओढते ती स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे ८०० किलोची जोडी ८०-९० किलो. शेळी म्हणालात ती जवळजवळ चार जोड्यांचं काम करते.

आणि खरी मेख पुढे आहे. वजनकाट्यावर हा ट्रॅक्टर माझ्यासकट ७६० किलो भरला, पुढच्या बंपरवर ठेवलेलं ८० किलो बीड (ओतीव लोखंड) धरून. भुसभुशीत मातीत चारही चाकं लागली तरी वजनाच्या ४५ टक्क्यांपलीकडे ओढ मातीच धरू देत नाही, चाकं घसरतात. ७६० चे ४५ टक्के म्हणजे ३४०. इंजिन देतं साडेतीनशे, माती धरते ३४०. या वजनावर या चालीला २० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं असतं तर जादाची पंधरा फक्त चाकाखाली खड्डा पाडण्यात गेली असती. चारातली दोनच चाकं जोराची असती, तर मागच्या चाकांवर येणारं निम्मं-अर्धं वजनच कामाला आलं असतं. म्हणून फोर बाय फोर. हौस म्हणून नाही.

यावर रोटाव्हेटर चालणार नाही, खोल नांगरट होणार नाही, हे मूळ लेखात मी एका ओळीत उरकलं होतं. ते ठळक लिहायला हवं होतं. कुळव, पाच फणांचा छोटा कल्टिव्हेटर, शेणखताची ट्रॉली आणि ५०० लिटरची टाकी, एवढीच याची कामं.

जीप रस्त्याची गाडी, हे तर मी अजिबात मानत नाही. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा विलीज कंपनीने १९४५ मध्ये पहिली नागरी जीप काढली, सीजे टू ए. ती विकायला काढली मुख्यतः शेतकऱ्यांसाठी. हवे असतील तर मागे ओढायला ड्रॉबार आणि पीटीओ, म्हणजे इंजिनाच्या जोरावर अवजार फिरवणारा शाफ्ट. जवळपास हेच २.८, २.४६ आणि ५.३८ चे आकडे तिच्यातही होते. तुम्ही ट्रान्सफर केस खोललेली असेल तर आणखी एक गोष्ट आठवेल. पुढचं हाउसिंग जोडल्याशिवाय लो पडतच नाही. लोमध्ये पीळ (टॉर्क) एवढा वाढतो की एकट्या मागच्या हाउसिंगवर तो जाऊ नये, अशी सोय मूळ कारखान्यानेच करून ठेवलीय. ज्यांनी हे केलं त्यांच्या डोळ्यांसमोर माती होती.

टिकण्याचं म्हणाल तर हिशेब असा. या हाउसिंगांवर मुळात साठच्या वर हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन होतं, पीळ दीडशे न्यूटन मीटरच्या आसपास. माझं इंजिन देतं चोवीसच्या आत. पट्ट्याने तो दुप्पट होतो, म्हणजे गिअरबॉक्सच्या तोंडाशी सत्तेचाळीस. मूळच्या एक तृतीयांश. भीती पिळाची नाहीच, भीती होती धक्क्याची. एका सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा ठोसा मारतं, तो थेट शाफ्टवर गेला तर स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरचे दाते, झिजतात. म्हणून थेट कपलिंग न करता पट्टे घातले. ठोसा पट्टा पितो, आणि कुळव दगडात अडकला तर क्लच दाबेपर्यंत पट्टा घसरून घेतो. हाउसिंगं मी मुद्दाम कापली नाहीत. रुंदी साडेचार फूट आहे, आमच्या ओळी साडेचार मीटरवर, सहज जातो. द्राक्षाच्या बागेसाठी कुणी हाउसिंग कापून शाफ्ट जोडून घेणार असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, वेल्डिंगचा शाफ्ट वापरू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नवा शाफ्ट करून स्प्लाइन काढून देणारे लोक आहेत.

पैशांचा मुद्दा मला मान्य आहे. लिलावातली जीप, लेथचं काम, टायर, पट्टे, ब्रेकची सगळी रबरं आणि सिलिंडर नवे, असं धरून खर्च लाखाच्या वर गेला आणि माझे सात महिने गेले. ज्याला वेल्डिंग येत नाही, ज्याची जमीन कोरडी, सपाट आहे, त्याने तुमचं ऐकावं आणि जुना टू व्हील मिनी ट्रॅक्टर घ्यावा. नवा फोर बाय फोर तेव्हा चार-पाच लाखांच्या घरात जात होता, तो आमच्या सव्वादोन एकरांना झेपत नव्हता.

आता तुमचा चौथा मुद्दा.

फोटोत पट्टा उघडा होता आणि शेजारी माझा पुतण्या मडगार्डवर बसला होता. दोन्ही चुकीचं होतं. फोटो काढून टाकलाय. तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच आठवड्यात पट्ट्यांवर पत्र्याचं बंद कव्हर बसवलं, पीटीओच्या शाफ्टवर पाइप घातला, आणि मडगार्डवर कुणी बसूच नये म्हणून तिथे हत्यारांची पेटी बोल्टने आवळली. बागेत बायका पदर खोचून काम करतात, माणसांच्या खांद्यावर टॉवेल असतो. एक सेकंद पुरतो.

तुम्ही न विचारलेली एक गोष्टही सांगायलाच हवी. गेल्या जूनमध्ये बांधावरचं बाभळीचं खोड ओढताना मी साखळी मागच्या उभ्या अँगलच्या वरच्या भोकात अडकवली, कारण वाकायचा कंटाळा. लो, पहिला गिअर, क्लच सोडला. खोड हललं नाही. माती कोरडी, टायरने घट्ट धरलेली. आणि समोरचा रेडिएटर हळूहळू वर यायला लागला. आधी मला वाटलं मागचं चाक खड्ड्यात चाललंय. मग पुढचं डावं चाक जमिनीपासून वीतभर वर, मोकळं फिरताना दिसलं. क्लच दाबला, पुढचा भाग धाडकन खाली आला. चालीला बैलाचाच वेग होता म्हणून पाय पोचला.

ओढ एक्सलच्या मध्याच्या वर असली की ती ट्रॅक्टरचं तोंड उचलते, खाली असली की तो धोका कमी होतो. पुस्तकात वाचलेलं होतं, तरी हात वरच्या भोकाकडे गेला. आता तो अँगल कापून टाकलाय. एक्सलचा मध्य जमिनीपासून ३५ सेंटिमीटरवर आहे, ओढायचा हुक ३० वर, आणि दुसरीकडे साखळी अडकवायला जागाच ठेवलेली नाही. डोक्यावर जाड पाइपची कमान चेसिसला बोल्टने बसवलीय, सोबत सीट बेल्ट. ती कमान कुठल्या प्रयोगशाळेत तपासलेली नाही, त्यामुळे उताराच्या वरच्या टोकाला मी आजही आडवा जात नाही, उभाच चढतो आणि उभाच उतरतो.

रस्त्यावर हा ट्रॅक्टर येत नाही आणि येणार नाही. जीपची नोंदणी लिलावाआधीच रद्द झालेली होती, आमची जमीन एकाच गटात आहे. अशी घरची गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा आहेच, आणि समोरून येणाऱ्याच्या जिवाशी तो खेळ आहे.

एक काम आहे तुमच्याकडे. पुढच्या हाउसिंगचे नकल, म्हणजे चाक वळतं ते सांधे, जुन्या पद्धतीचे, बंद गोळ्याचे आहेत. फोर बाय फोर टाकून डावीकडे पूर्ण वळवलं की डाव्या बाजूने ठक ठक आवाज येतो, उजवीकडे वळवल्यावर नाही. टू व्हीलमध्येही नाही. तेलसील नवं आहे, ग्रीस भरलेलं आहे, चाक हाताने हलवलं तर किंचित खेळ लागतो. जॉइंटचा क्रॉस बदलायला सगळं खोलावं लागेल, म्हणून आधी किंगपिनच्या (चाक वळतं त्या खिळीच्या) शिम, म्हणजे पातळ चकत्या, तपासून बघू का? बहार धरायच्या आधी सांगितलंत तर बरं होईल.