तिच्या मुळावर मी

वेल मीच लावली. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे हा विषय कुठूनही निघाला तरी शेवटी तिथंच येऊन थांबतो. परसातल्या कुंपणाच्या भिंतीचे पोपडे सुटले होते. रंगवायला घरातला एकही हात रिकामा नव्हता, म्हणून म्हटलं, काहीतरी हिरवं चढवू. मिळाली ती आईस्क्रीम वेल. मूळची मेक्सिकोची. बदामी आकाराची पानं, गुलाबी फुलांचे झुपके, पाणी बेताचं, खत नको, निगा नको. इतके गुण कुणी एका दमात सांगितले की स्थळाची नीट चौकशी करायची असते, हे मला एरवी चांगलं कळतं.

पहिल्या वर्षी तिनं काहीच केलं नाही. हातभर वाढून भिंतीला टेकून बसली. सासूबाई म्हणाल्या, "हिला काही जोर नाही गं." मला वाईट वाटलं, मी खत घातलं. वर अशी गरीब गाय होऊन बसलेली ही बया तेव्हा जमिनीखाली कंद भरत होती, हे फार उशिरा कळलं.

दुसऱ्या पावसाळ्यात भटाला ओसरी मिळाली. आधी भिंत, मग जास्वंद, मग पेरू, मग टाकीचा पाइप, मग कपडे वाळत घालायची तार. हिच्या फुलांच्या तुऱ्याला शेवटी तणावा फुटतो, स्प्रिंगसारखा, आणि त्याला जे सापडेल ते तो धरतो. एकदा पावसामुळे कपडे दोन दिवस तारेवरच राहिले. तिसऱ्या दिवशी यांचा शर्ट काढायला गेले, तर बाहीचं बटण तिच्या ताब्यात. तीन वेढे पुरे आणि चौथा अर्धा. चष्मा लावून एकेक वेढा उलटा सोडवत बसले. शेवटी शर्ट माझ्याकडे आला, बटण तिच्याकडे राहिलं. वेलींचे शेंडे आधार शोधत हवेत गोल फिरत असतात म्हणे. डार्विन आजारपणात खोलीत अडकला होता, तेव्हा त्यानं कुंडीतल्या हॉपच्या वेलीचे असे फेरे मोजले होते. उन्हाळ्यात दिवसा एका फेऱ्याला सरासरी 2 तास 8 मिनिटं. त्याच्या खोलीत कपड्यांची तार नसावी.

"कापायला हवी," असं मी तेव्हाच म्हटलं होतं. पण पावसात कापली तर दुप्पट फुटेल, असं यांचं मत पडलं. पाऊस थांबला तर ती फुलावर आली, आणि सासूबाई म्हणाल्या, "भरल्या फुलांना कात्री लावू नकोस." मग मधमाश्या आल्या. इतक्या, की कात्री घेऊन जवळ जायची माझीच छाती होईना. मधमाश्या गेल्या, तोवर बिया पडून झाल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी मी पदर खोचला. पहिली चूक म्हणजे वरून ओढायला लागले. मी जीव खाऊन ओढत होते आणि ती स्वतः न येता पेरूची फांदी पाठवून देत होती. दुसरी चूक म्हणजे कापलेला सगळा पसारा, शेंगदाण्याएवढ्या फळांसकट, खतखड्ड्यात टाकला. खताबरोबर तीच रोपं मी स्वहस्ते सगळ्या कुंड्यांत वाटली. तिसरी चूक लहान होती. हिरव्या गुंत्यात एक देठ जरा काळपट आणि चिवट लागला, तो दात-ओठ खाऊन कापला. आतून मुलगा ओरडला, "आई, नेट गेलं!"

मग यांनी खुर्चीतून सल्ला दिला, "अगं, बुंध्याशी काप आणि वरचं आहे तिथंच वाळू दे. वाळल्यावर आपोआप सुटतं. फळं धरली असतील ती पिशवीत बांध, खड्ड्यात नको." सल्ला बरोबर होता, म्हणून जास्त राग आला.

बुंधा कापला. वरचं सगळं वाळून पापडासारखं झालं, चुरत चुरत उतरवलं. आता मुळावर घाव. खुरप्यानं सुरुवात केली. रताळ्याएवढा कंद निघाला, त्याच्या शेपटीला दुसरा, त्याच्यापुढे तिसरा. कुणी दोरीत ओवून पुरल्यासारखे. एखादा तुटून आत राहिला की आठवड्यात तिथून लालसर कोंब. रक्तबीजाचं निदान रक्त तरी दिसत होतं! खुरप्याची कुदळ झाली, कुदळीची पहार झाली. शेवटी माळ भिंतीच्या पायाखाली शिरली, आणि भिंत पाडायला यांनी नकार दिला.

उरला एकच उपाय, उपाशी मारणं. प्रत्येक कोंब फुटताना कंदातली शिल्लक खर्च होते, आणि पान उघडून उन्हात त्याचा स्वयंपाक सुरू झाला की पुन्हा भरते. म्हणजे पान उघडायच्या आत खुडायचं. दर रविवारी, न चुकता. लोक देवाला जातात, मी भिंतीला. अशा वेळी माझं सांत्वन कुडझू करते. ही वेल 1876 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानहून शोभेसाठी आली. जमिनीची धूप थांबावी म्हणून 1930च्या दशकात तिथल्या सरकारनं चक्क पैसे देऊन ती शेतकऱ्यांकडून लावून घेतली, आणि मग दिवसाला फूटभर वाढणाऱ्या त्या वेलीनं झाडं, खांब, ओस घरं सगळं पांघरलं. मी तर एकच रोप लावलं होतं, आणि तेही फुकट.

वर्षभर खुडलं. कोंब बारीक व्हायला हवे होते, ते करंगळीएवढे जाडच. एवढा उपवास करून हिचं वजन कसं उतरत नाही, म्हणून एका रविवारी स्टुलावर चढून भिंतीपलीकडे डोकावले. पलीकडे गुलाबी समुद्र! पायाखालून कंद तिकडे गेले होते. शेजारच्या काकू बादलीनं पाणी घालत होत्या. मी इकडे उपाशी ठेवत होते आणि ती मागच्या दारानं पंगतीला जात होती.

"छान आलीय ना?" काकू म्हणाल्या. "आपोआप उगवली हो. तुमची मात्र बिचारी जगली नाही. मी रोज वरून बघते, तुम्ही किती करता तिचं! म्हणून एक रोप काढून ठेवलंय. थांबा."

भिंतीवरून कुंडी आली. दोन बदामी पानं, तिसरं उघडायच्या बेतात. मी स्टुलावर उभी राहून दोन्ही हातांनी ती घेतली आणि काकूंना थँक्यू म्हटलं.

"कुंडी चांगली आहे," हे म्हणाले.