बबल मधे आला म्हणून जॉब लेव्हल झाला?

जड जॉब, म्हणजे काम चाललेला धातूचा भाग, सपाट (लेव्हल) बसलाय का ते स्पिरिट लेव्हलच्या बुडबुड्यावरून, म्हणजे बबलवरून बघतात. त्याबद्दल वर्कशॉपमधल्या लोकांत एक सल्ला सारखा फिरतो: 'जड जॉबच्या चारी कोपऱ्यांखाली बारीक आट्यांचे जॅक लावा. पाना एक अंश फिरवला तर उंची चारच मायक्रॉन बदलते. बबल मधे आला की लॉकनट (स्क्रू जागी धरणारा नट) आवळा, काम झालं.' यातला हिशेब बरोबर आहे, पद्धत मात्र जॉब बिघडवणारी आहे.

टनभर वजनाचं, मशीनिंग झालेलं बिडाचं कास्टिंग तपासणीसाठी सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) घेतलंय असं धरू.

चार टेकूंवर वजन सारखं कधीच बसत नाही. एक कोपरा उचलला की भार दोन तिरप्या कोपऱ्यांवर जातो आणि कास्टिंग पीळ खातं. म्हणून टेकू तीनच: एका टोकाला दोन, दुसऱ्या टोकाच्या मध्यावर एक. आधी जोडीने आडवी लेव्हल लावायची, मग एकट्याने लांबीची. तो फिरवला तरी आडवी जवळपास हलत नाही. एकट्याच्या बाजूला सुरक्षेसाठी आधार हवेतच, पण ते चढवताना वर डायल (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं गेज) लावून, काटा हलायच्या आत थांबायचं. (लांबलचक लेथ बेड स्वतःच्या वजनानेच झुकतो, त्याला जास्त टेकू लागतात, ते काम वेगळं.)

आता आटे. एम16×1.5 (16 मिमी व्यास, एका फेरीला 1.5 मिमी) स्क्रूला एका अंशाला 0.0042 मिमी, म्हणजे 300 मिमी पान्याचं टोक 5 मिमी सरकलं की चार मायक्रॉन. पण शेकडो किलोंच्या भाराखाली आटे आणि जॅकचं डोकं धरून बसतात. पाना दाबला की आधी स्क्रूच पिळला जातो, जॉब जागचा हलत नाही. मग टक्क करून स्क्रू तीन-चार अंश सुटतो आणि उंची 12 ते 17 मायक्रॉनने उडी घेते. मागे घ्यावं तर पुन्हा तेच.

इथे 1:50 उताराची (50 मिमी सरकली की 1 मिमी उचलणारी) ग्राइंड केलेली पाचर वापरा. एम10×1.5 स्क्रूने सरकवली तर पाव फेरीला 0.0075 मिमी, आणि चार अंशांचा झटका आलाच तरी उंचीत अर्धा मायक्रॉनही नाही. दोन्ही पृष्ठांवर मॉलिब्डेनम ग्रीसचा पातळ हात द्या. शेवटची हालचाल कायम वर चढवतानाच घ्या. जास्त झालं तर बरंच खाली उतरवून पुन्हा वर या.

बबल उतार सांगतो, पीळ सांगत नाही. आडवी लेव्हल दोन्ही टोकांना ठेवून बघा, आणि प्रत्येक जागी ती 180 अंश फिरवून दोन्ही वाचनांची सरासरी घ्या. 0.02 मिमी प्रति मीटरच्या लेव्हलवर टेकूंमधलं अंतर 1200 मिमी असेल तर बबलचं एक घर म्हणजे उंचीत 0.024 मिमी, अंदाजाने फिरवत बसू नका. हाताच्या उबेनेही बबल सरकतो, तो स्थिरावू द्या.

लॉकनटने तर केलेलं काम मोडतं. वजनाने आट्यांमधली ढिलाई एका बाजूला गेलेली असते, नट तिला उलट ओढतो. स्क्रूजॅकच वापरावा लागला तर नट आवळून झाल्यावर लेव्हल पुन्हा बघा. 1:50 ची पाचर भाराखाली घसरत नाही, तिला नट लागतच नाही.