रात्रीचं बिल सकाळी

ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये शौचालय नसतं. ही गोष्ट ठाऊक सगळ्यांनाच असते, पण तिचा खरा अर्थ आमच्यासारख्यांनाच कळतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली, याचं कौतुक शाळेत शिकवतात. त्या ३४ किलोमीटरांत कुठल्या स्टेशनात स्वच्छतागृह फलाटाच्या कुठल्या टोकाला आहे, हे मात्र ज्याचं त्याने शिकायचं. मुलुंड-भांडुपला न थांबणारी फास्ट पकडली, की घाटकोपर येईपर्यंत मी डोळे मिटून कोपिनेश्वराचा धावा करतो. समोरच्याला वाटतं, काय सात्त्विक माणूस आहे!

माझ्या दुखण्याचं नाव आयबीएस, म्हणजे इरिटेबल बाऊल सिंड्रोम, थोडक्यात चिडकं आतडं. पोटात मुरडा, गुबारा, कधी घाईची तर कधी दोन-दोन दिवस संप. सोनोग्राफी, रक्त, सगळे रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल रिपोर्टला घरात काडीची किंमत नसते. ‘काही निघालं नाही ना? मग मनाचे खेळ आहेत,’ असं म्हणून सगळे मोकळे होतात आणि लगेच उपाय सांगायला बसतात. आईचा ओवा, शेजारच्या काकांचा हरडा, ऑफिसातल्या सहकाऱ्याचं गरम पाण्यातलं तूप. कुणी दूध बंद केलं, कुणी गहू. मामलेदार मिसळीचं तर माझ्यासमोर नावही काढायचं नाही, असा घरात ठराव झाला. ठाणेकराला ही शिक्षा जरा जास्तच आहे.

एवढे उपाय झाले, पण झोपेबद्दल एकानेही विचारलं नव्हतं. ते डॉक्टरांनी विचारलं.

‘झोप कशी आहे?’

‘लागते की.’

‘दोन वाजता,’ शेजारून बायको म्हणाली. ‘तोवर यांचा मोबाइल चालू असतो. आणि पहाटे पाचला उठून बसतात.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मोठं आतडं रात्री जवळजवळ निजलेलं असतं, म्हणाले. सकाळी आपण उठलो की तेही जागं होतं, आणि पोटात चहा-नाश्ता गेला की ढकलाढकल वाढते. त्याचं स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे आणि मेंदूशी दिवसभर बोलणं चालू असतं. झोप मोडली की हे तंतू हळवे होतात. एरवी कळलाही नसता एवढासा वायू कळ होऊन जाणवतो. रात्र खराब गेली की दुसऱ्या दिवशी त्रास वाढतो, हे आयबीएसच्या रुग्णांत तपासून पाहिलेलं आहे म्हणे. थोडक्यात, माझं आतडं म्हणजे रात्रपाळी करून परत टेबलावर बसवलेला कारकून. साधा फॉर्म मागितला तरी अंगावर येतं.

मग डॉक्टर जरा गंभीर झाले. पोट दुखून गाढ झोपेतून जाग येत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर ते आयबीएसच्या खात्यावर टाकायचं नाही, लगेच दाखवायचं. माझं तसं काही नव्हतं. दुखण्याने जाग यायला आधी झोप लागावी लागते.

उपाय ऐकायला सोपा होता. रोज ठरलेल्या वेळी उठायचं, रविवारीसुद्धा. दुपारनंतर चहा नाही. मोबाइल उशाशी नाही.

तर मी साडेदहाला दिवा मालवतो. अकराला वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवतं. (इतक्या वर्षांत त्या पलंगाला जागा कशी सापडत नाही, हा सोसायटीच्या सभेत मांडण्याचा विषय आहे.) मग खाली कुत्र्यांची बैठक भरते. ती उठते तोवर डोक्यात हिशोब सुरू झालेला असतो: आत्ता झोपलो तर पाच तास, म्हणजे पोट निदान दादरपर्यंत धरेल. अर्ध्या तासाने तोच हिशोब कुर्ल्यावर येतो. झोपलो नाही तर पोट बिघडेल या काळजीनेच झोप उडते, आणि पोटाला तेवढी काळजी पुरते. ते तिथल्या तिथे गुरगुरून पोच देतं.

सकाळी बाथरूमवर माझी मक्तेदारी असल्यामुळे मुलाची शाळेची रिक्षा खाली हॉर्न देत असते आणि तो दार बडवत असतो, ‘बाबा, आज तरी!’

पण घरच्यांनी माझी झोप मनावर घेतली आहे, एवढं खरं. टीव्ही नऊलाच बंद होतो, कुकरच्या शिट्ट्या लवकर उरकतात, काकांनी हरड्याऐवजी जायफळ धाडलंय. परवा तर चक्क साडेअकराच्या आत डोळा लागत आला होता. तेवढ्यात आईने दार ढकललं, दिवा लावला आणि हळूच विचारलं, ‘झोपलास ना रे?’