महाराजांचा जामा ‘मोगली’ म्हणून काढून टाकू नका

वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी बेळगावातल्या गल्लीगल्लीत मंडळांची पोरं प्लायवूड, थर्माकोल घेऊन कामाला लागलीत. त्यांच्या मोबाइलवर ‘अस्सल शिवकालीन देखावा’ नावाची पाच मुद्द्यांची यादी फिरते आहे. ती वाचून माझ्या पुतण्याने महाराजांसाठी शिवायला टाकलेला जामा, म्हणजे लांब घोळदार अंगरखा, रद्द केला, तेव्हा गप्प बसवेना.

पहिला मुद्दा: जामा-चुडीदार हा मोगली वेश, महाराजांना तो घालणं म्हणजे अपमान, धोतर-उपरणंच दाखवा. हे साफ खोटं आहे. 1680 च्या आसपास गोवळकोंड्याकडे रंगवलेली महाराजांची चित्रं डचांमार्फत युरोपात गेली, आजही तिथल्या संग्रहालयांत आहेत. त्यांत अंगात जामा आहे, कमरेला शेला आहे, डोक्यावर तुरा आहे. वा. सी. बेंद्र्यांनी 1933 साली डच ग्रंथातलं चित्र उजेडात आणलं, तोवर आपण भलत्याच सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून लावत होतो. एवढ्या कष्टाने हाती आलेला पुरावा एका फॉरवर्डवर विश्वास ठेवून टाकून द्यायचा? जामा हा त्या काळच्या दख्खनी दरबारांचाही पोशाख होता.

त्यातून याच यादीचा दुसरा मुद्दा सांगतो की मागे शनिवारवाड्यासारखी कंगोरेदार महिरप आणि सुरूच्या झाडासारख्या आकाराचे सुरूदार खांब उभे करा. अहो, शनिवारवाडा 1730 नंतरचा, महाराज गेले 1680 साली. आणि ही महिरप तर थेट शाहजहानच्या इमारतींची! अंगावरचा जामा मोगली म्हणून काढायचा आणि खरी मोगली कमान पाठीमागे उभी करायची, हा कुठला न्याय?

मग दाखवायचं काय? रायगडावरचं लाकूडकाम 1818 च्या तोफांत जळालं; जोती उरली, वरचं अंदाजानेच उभं करावं लागतं. पण हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रज वकील 1674 च्या राज्याभिषेकाला हजर होता आणि त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं आहे. सिंहासनाच्या एका बाजूला भाल्यांच्या टोकावर मोठ्या दातांची सोन्याची दोन माशांची तोंडं, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि समतोल सोन्याचा तराजू. दारात दोन लहान हत्ती, सोन्याच्या साजाचे दोन घोडे. ही मत्स्यमुखंही मुसलमानी दरबारांतलंच मानचिन्ह. महाराजांनी ते आपल्या सिंहासनापाशी, वैदिक राज्याभिषेकाच्या सोहळ्यात उभं केलं. हे सार्वभौम राजाचं सिंहासन आहे, हे आलेल्या प्रत्येक वकिलाला बघताक्षणी कळावं म्हणून. यादीच्या हिशेबाने हेही काढणार का? ट्रॉलीवरचा देखावा लोक रात्रीच्या दिव्यांत, गर्दीतून, मिनिटभर बघतात. तिथे चार कमानींचं नक्षीकाम डोळ्यांत भरत नाही. माणसाच्या उंचीच्या वर गेलेला एक सोनेरी तराजू भरतो.

चकचकीत सॅटिन नको, हा तिसरा मुद्दा अर्धा खरा, एवढं मान्य करावं लागेल. हॅलोजनखाली सॅटिन पांढरं पडतं आणि घड्या दिसत नाहीत. पण म्हणून दरबारात सगळे जाड्याभरड्यात उभे करायचे नाहीत. रेशीम, जरतार होतीच. मंद चमकेचं कापड घ्या, जरतार काठाला ठेवा.

चौथा मुद्दा म्हणे ‘जुना दगडी खांब तो शिवकालीन’, म्हणून आपल्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचे, म्हणजे जैन मंदिराचे, खांब उतरवा. ती बस्ती 1204 ची, रट्ट राजांच्या काळातली. पुढे बोलायला नको.

आणि शेवटचा, एकच सेट नि एकच भाड्याचे कपडे महाराजांना आणि कित्तूरच्या राणी चन्नम्मालाही चालतात म्हणे. चन्नम्मा लढली 1824 साली, कंपनी सरकारशी, दीडशे वर्षांनी. कित्तूर आपल्याच जिल्ह्यात आहे, वाड्याचे अवशेष उभे आहेत. तिचा देखावा करणाऱ्यांनी आधी तिथे जाऊन भिंतींची मापं घ्यावीत. माझ्या पुतण्याचा जामा मात्र पुन्हा शिंप्याकडे गेला आहे.