वीरगळाला वायर गुंडाळणाऱ्यांनो, जरा ऐका

आज सकाळी गावी आले आणि डोकंच फिरलं. तळ्याच्या काठावर, एसटी थांब्यासमोर, ते ‘आय लव्ह’वालं लाल बदाम असलेलं गावाचं भलंमोठं नाव बसवलंय. रात्री पेटतं म्हणे. बसवा, माझं काय जातंय, हल्ली प्रत्येक गावाला हवंच असतं ते. पण त्याची वायर कुठून नेलीय माहितीये? आमच्या तळ्यावरच्या वीरगळाला, म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या स्मारकदगडाला, दोन वेढे मारून. आणि ती सरकू नये म्हणून वरती सिमेंटचा गोळा थापलाय, तो पण बरोब्बर चंद्र-सूर्य कोरलेत तिथे. मी फोटो काढत होते तर एक पोरगा येऊन सांगतो, ताई, तिकडून नाही, इकडून काढा, इकडून बदाम पूर्ण येतो.

आता ज्यांना हा दगड माहीत नाही त्यांच्यासाठी. मी सहावीत होते, मे महिना, तळं आटलेलं. आम्ही पाच-सहा पोरं खेकडे शोधत होतो. काठावर एक लांबट काळा दगड आडवा पडलेला असायचा, त्यावर आमची आजी रोज धुणं धुवायची. त्याच्याखाली खेकडा शिरला. मग काय, माझ्या भावाने कुठूनतरी पहार आणली आणि आम्ही सगळ्यांनी लोंबकळून तो दगड उलटा केला. खेकडा गेला पळून. पण दगडाच्या खालच्या बाजूला माणसं! ढाल-तलवार घेतलेली, एक आडवा पडलेला, वर दोन बायका त्याला हाताला धरून नेतायत, आणि सगळ्यात वर एक शंकराची पिंडी आणि कोण तरी हात जोडून बसलेला. आम्ही बोंबलत घरी. आजी आली, पदराने चिखल पुसला, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘अरे देवा, चालीस वरसा धुना धुतला मी याचे पाठीव.’ बस. दुसऱ्या दिवशी चार माणसांनी तो उभा केला, आजीने जास्वंदीचं फूल ठेवलं, आणि त्या दिवसापासून ती तिथे धुणं धुवायला गेली नाही. लांब पडायचं तरी पलीकडच्या विहिरीवर जायची. चौथी नापास बाई. कोणी तिला संवर्धन बिंवर्धन शिकवलं नव्हतं.

आणि आता आम्ही शिकलेले. वायर गुंडाळतोय.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? आख्ख्या अलिबाग तालुक्याकडे लोक नुसता समुद्र म्हणून बघतात. बाहेरचे बघतात ते सोडा, आपणही तेच करतो. पाहुणे आले की बीच, मग मासे, मग परत बीच. अरे, आक्षीला शिलालेख आहे, शके ९३४चा, म्हणजे १०१२ साल, कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या केसीदेव राजाच्या काळातला, आणि मराठीत आहे! सुरुवातच ‘सुख असो’ अशा अर्थाची. कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळचा मराठी लेख याच्या आधीचा असं मानणारे आहेत, माहितीये मला, कमेंटमध्ये तो वाद घालू नका, असू दे तोही आधीचा. पण हा आपल्या रस्त्याच्या कडेला किती वर्षं ऊनपावसात उभा होता आणि आपण त्याच्या बाजूने नागावच्या बीचला जात होतो की नाही? मी स्वतः कॉलेजात असताना शंभर वेळा गेले असेन, एकदाही उतरले नाही. हल्ली मराठी भाषा दिन आला की सगळ्यांना त्याची आठवण येते, स्टेटसला फोटो, झालं.

नवगाव घ्या. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांच्या पूर्वजांचं गलबत तिथे फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या असं ते सांगतात, बाकीच्यांना तिथेच पुरलं, स्मारक आहे तिथे. परदेशातून लोक येऊन त्या मातीला हात लावून रडतात. आपल्याकडे ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली. अलिबागमध्ये आजही इस्रायल आळी म्हणतो आपण, पण का म्हणतो ते पोरांना विचारा बरं.

आणि चरी! चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ जमीन कसली नाही. सहा वर्षं! जमीनदार खोतांच्या विरोधात, शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून, करवंदं-लाकडं विकून जगले, पण शेतात उतरले नाहीत. बाबासाहेब स्वतः आले होते तिथे. आज कुळाची जमीन नावावर आहे म्हणून जे प्लॉट पाडून विकतायत ना, त्यातल्या किती जणांनी चरीच्या स्मारकासमोर गाडी थांबवलीय? नावं घेत नाही. ज्यांना लागायचं त्यांना लागलंय.

बरं, किल्ल्यांचं ठीक चाललंय. समुद्रातला खांदेरी २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, फटाके वाजवले आपण, मीही पोस्ट टाकली होती. पण युनेस्कोने सांगेपर्यंत आपल्याला तो दीपगृहाचा आणि वेताळाच्या देवळाचा खडकच होता ना? युनेस्को काही आमच्या तळ्यावर येणार नाहीये. वीरगळावर नावसुद्धा नसतं बहुतेक वेळा. कोण होता, गुरं सोडवताना मेला की दरोडेखोरांशी लढताना, काही पत्ता नाही. बोरिवलीला एकसरला आहेत त्यांच्यावर निदान जहाजं तरी कोरलीत, कळतं की समुद्रात लढले. आमचा साधाच. पण कोणीतरी त्याच्यासाठी पाथरवट बोलावला, पैसे दिले, आणि वर चंद्र-सूर्य कोरून घेतले, म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर हा राहो. तिथेच सिमेंटचा गोळा. दुसरी जागाच मिळाली नाही.

दुपारी जेवून पडले होते तेव्हा चुलतभाऊ आला. तो म्हणाला तू वर्षातून चार वेळा येतेस आणि लेक्चर देतेस, त्या बदामामुळे माझ्या टपरीवर शनिवार-रविवारी दुप्पट चहा जातो. हे खरं आहे. गप्प बसले मी. चहाही त्याचाच प्यायले. आणि वायर लावणाऱ्या पोराला तरी काय बोलणार, त्याला कोणी सांगितलं होतं का हा काय आहे ते? त्याच्या दृष्टीने तो रस्त्याकडेचा एक खांब, आयता. आम्हालाही खेकड्याचाच दगड होता की.

पण मग सांगायचं कोणी? एक पाटी. एक! पत्र्याची चालेल. ‘हा वीरगळ आहे, लढताना मेलेल्या माणसाचा स्मारकदगड.’ वर मान्यवरांचे सात फोटो नकोत. उद्घाटनाची कोनशिला नको, कारण कोनशिला दगडापेक्षा मोठी बसते हे आपण पाहिलंय. आणि कृपा करून रंग नको. जुन्या मूर्तींना ऑइलपेंट फासून डोळे रंगवणारे भाविक मनाने चांगले असतात, कबूल, पण त्या कोरीवकामाची वाट लागते हो.

संध्याकाळी परत तळ्यावर गेले. राग उतरला होता बराचसा. बदाम पेटला होता आणि त्याचा लाल उजेड दगडाच्या खालच्या पट्टीवर पडत होता, एरवी दिसत नाही तो मेलेला माणूस अगदी स्वच्छ दिसत होता, पायातला तोडासुद्धा. लहानपणापासून बघतेय, तोडा आज पहिल्यांदा दिसला. आता बदामाला शिव्या घालू की थँक्यू म्हणू. आजी असती तर तिने आधी वायर सोडली असती, विचार नंतर.

वायरमनशी बोलले. तो म्हणाला मेन बंद करून देतो, खांब रोवून त्यावरून नेऊ, खांबाचे पैसे तुम्ही द्या. देते. सिमेंटला मात्र आपण कोणी छिन्नी लावायची नाही, अलिबागला एक जाणकार आहेत त्यांना विचारून बघू मग. उद्या सकाळी सात वाजता तळ्यावर. गावात असलेल्यांनी या. गवत काढायला विळा आणा, पाणी तळ्यात आहेच. तारेचा ब्रश आणू नका. जास्वंद आमच्या परसात आहे, ती मी आणते.