‘ओई नापास झालं तरी डिग्री मिळते’ हे धादांत खोटं आहे

मागच्या रविवारी दादाकडे गेले होते. भाची बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, दुसरी सेम चालू आहे, मेजर म्हणजे मुख्य विषय रसायनशास्त्र. सहज विचारलं, “इंटर्नल झाल्या का गं?” म्हणाली, “केमिस्ट्रीच्या दिल्या. ओईची नाही दिली. ते धरत नाहीत, आत्या.” ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, मेजरच्या शाखेबाहेरचा निवडून घ्यायचा विषय. कुणी सांगितलं म्हटल्यावर तिने मोबाइल पुढे केला. मेसेज तिला दादानेच पाठवला होता. दादाला कारखानदारांच्या ग्रुपवर आला होता, आणि त्या ग्रुपवर कुठून आला हे कुणालाच माहीत नाही.

मेसेज असा: ‘नवीन शैक्षणिक धोरणातले ओपन इलेक्टिव्ह, पर्यावरण, संविधान, भारतीय ज्ञानप्रणाली हे उगाच भरलेले विषय आहेत. त्यांचे मार्क डिग्रीत धरत नाहीत, नापास झालं तरी डिग्री मिळते. ओई आपल्याच विभागाचा घ्या, सोपा जातो. एखादं ऑनलाइन सर्टिफिकेट जोडलं तरी क्रेडिट मिळतात. तीन वर्षांची डिग्री आता बंद झाली. नोकरी देणारा फक्त मेजर बघतो. जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा.’

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. हाच मेसेज माझ्या वर्गातल्या मुलांच्याही मोबाइलमध्ये आहे, त्यामुळे आता एकदाच नीट लिहिते.

सगळ्यात आधी ते ‘नापास झालं तरी डिग्री मिळते’. पदवी आता विषयांवर नाही, क्रेडिटवर मिळते, म्हणजे विषय पास झाला की त्याचे ठरलेले क्रेडिट खात्यात जमा होतात. महाराष्ट्र शासनाचा 20 एप्रिल 2023 चा शासन निर्णय आहे, तो कुणालाही उघडून वाचता येतो. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला 160 ते 176. या आकड्यात मेजर आहे, मायनर म्हणजे दुय्यम विषय आहे, आणि मेसेजवाला ज्यांना उगाच भरलेले म्हणतो ते सगळे विषयही आहेत. ओपन इलेक्टिव्हचे 10 ते 12, भाषांचे 8, मूल्यशिक्षणाचे (पर्यावरण आणि संविधान त्यातच येतात) 4, भारतीय ज्ञानप्रणालीचे 2. हे वरचे बोनस नाहीत, त्याच बेरजेतले आहेत. विषयात एफ म्हणजे नापास आला की त्याचं क्रेडिट शून्य. बेरीज पुरी झाली नाही तर पदवी नाही, मग मेजरमध्ये विद्यापीठात पहिली आलात तरी.

‘मार्क धरत नाहीत’ हेही खोटं आहे. हिशेब करूनच दाखवते. समजा एका सेमला 22 क्रेडिट आहेत. त्यातल्या 18 क्रेडिटच्या विषयांत मुलीला ए ग्रेड, म्हणजे 8 पॉइंट. उरलेला ओई 4 क्रेडिटचा. मेसेजवर विश्वास ठेवून तिने तो काठावर पास केला, पी ग्रेड, 4 पॉइंट. अठरा आठे 144, चार चोक 16, एकूण 160, भागिले 22. एसजीपीए, म्हणजे त्या सेमची सरासरी, 7.27. आता तोच विषय मनापासून केला आणि ए प्लस, म्हणजे 9 पॉइंट मिळाले, तर 144 अधिक 36, 180 भागिले 22, एसजीपीए 8.18. केमिस्ट्रीत एक मार्कही न वाढता जवळजवळ एक पॉइंट वाढला. एम.एस्सी.ची मेरिट लिस्ट लागते तेव्हा दशांशाच्या दुसऱ्या आकड्यावर मुलं बाहेर राहतात.

यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करते. जुन्या पद्धतीत बऱ्याच ठिकाणी पर्यावरणाचे गुण क्लास ठरवताना धरत नसत. आमच्या पिढीतल्या पालकांच्या डोक्यात तेच बसलंय, म्हणून हा मेसेज त्यांना खरा वाटतो. पण तेव्हाही पर्यावरण पास झाल्याशिवाय डिग्री हातात पडत नव्हती. वाक्याचा हा दुसरा अर्धा भाग मेसेजमधून गळालाय, आणि मुलांचं नुकसान होतं ते त्यामुळेच.

मला खरा राग येतो तो मात्र मुलींचा विचार करून. आपल्याकडे पहिलं किंवा दुसरं वर्ष झालं की मुलीचं लग्न ठरतं आणि कॉलेज सुटतं. दर वर्षी माझ्या वर्गातली दोन-चार बाकं अशी रिकामी होतात. पूर्वी अशा मुलीच्या हातात काहीच राहत नसे, बारावी पास एवढंच. आता पहिल्या वर्षाचे 40 ते 44 क्रेडिट पुरे असतील आणि 4 क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप केली, तर प्रमाणपत्र मिळतं. दुसऱ्या वर्षानंतर तशाच रीतीने पदविका. क्रेडिट अकॅडमिक बँकेत, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, सात वर्षांपर्यंत राहतात, म्हणजे सासरी स्थिरावल्यावर परत येऊन पुढे शिकायची वाट उघडी राहते. पण पहिल्या वर्षाच्या 40 मध्ये ओईचे क्रेडिट कमी पडले तर ते प्रमाणपत्रही गेलं. ‘ते धरत नाहीत’ या तीन शब्दांची किंमत एखादी मुलगी अशी मोजणार आहे, आणि तेव्हा मेसेज पाठवणारा तिच्या दारात उभा नसेल.

‘ओई आपल्याच विभागाचा घ्या.’ घेताच येत नाही. त्याच शासन निर्णयात लिहिलंय की ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा. विज्ञानवाल्याने वाणिज्य किंवा मानव्यविद्या, वाणिज्यवाल्याने विज्ञान किंवा दुसरं काही. बारावीनंतर एकाच खिडकीतून जग बघायची सवय मोडावी, हा त्यामागचा हेतू आहे आणि मला तो पटतो. माझ्या भाचीचंच बघा. दादाचे अक्कलकोट रोडला टॉवेलचे माग आहेत. सुताचे भाव, कामगारांचा आठवड्याचा पगार, जीएसटीचं रिटर्न, हे सगळं घरात रोज बोललं जातं आणि तिला त्यातलं काही कळत नाही. तिचा ओई वाणिज्य शाखेचा आहे, जमाखर्च आणि लघुउद्योग. म्हणजे स्वतःच्या घराचा धंदा समजून घ्यायची संधी तिच्या टाइमटेबलमध्ये आयती आली होती, आणि तिच्या बापानेच मेसेज पुढे ढकलून ती घालवायला सांगितली. दादाला हे तोंडावर बोलले. गप्प बसला.

ऑनलाइन सर्टिफिकेटचं थोडक्यात. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरचे कोर्स चालतात, एका सेमच्या 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. पण कोर्स विद्यापीठाने मान्य केलेला हवा, महाविद्यालयाला आधी सांगावं लागतं आणि शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. कुठल्याही ॲपचं दोन तासांत मिळणारं रंगीत प्रमाणपत्र चालत नाही. तीन वर्षांची डिग्री बंद झालेली नाही. चौथं वर्ष ऑनर्ससाठी आहे, ज्याला हवं त्याने करावं.

आता ‘नोकरी देणारा फक्त मेजर बघतो’. सोलापुरात ज्या अभ्यासिका पहाटेपासून भरतात, तिथली मुलं काय वाचतात? राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, पर्यावरण आहे. हेच विषय कॉलेजात शिक्षक समोर उभं राहून शिकवतात तेव्हा मुलं दांडी मारतात, आणि पदवीनंतर त्यांचे आईबाप कर्ज काढून पोरांना पुण्याला क्लासला पाठवतात. एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास अध्यापन. दोन क्रेडिटचा संविधानाचा विषय म्हणजे तीस तास, तेही घरापासून सिटी बसच्या अंतरावर.

संविधान उगाच भरलेलं आहे, हे वाचून तर मला वाईट वाटलं. या शहरात 1930 साली इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या स्वातंत्र्यसैनिकांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. चौघांची आडनावं एकापाठोपाठ वाचा. मग सोलापूरच्या मुलाला नागरिकाचे हक्क शिकवणारा विषय उगाच आहे का, ते मला सांगा. पर्यावरणाचंही तसंच. ते नव्या धोरणाने आणलेलंच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, त्यातून ते पदवीपर्यंत आलं. आणि ज्या गावातून वीस-बावीस किलोमीटरवर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, जिथे आता माळढोक पक्षी दिसणं दुर्मीळ झालंय, तिथल्या मुलांनी हा विषय टाळायचा?

या विषयांच्या शिकवण्यावर तक्रारी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. कागदावर पर्याय भरपूर, प्रत्यक्षात ज्या विषयाला शिक्षक आहे तोच गळ्यात पडतो. एकेका वर्गात दीड-दोनशे मुलं कोंबतात. भारतीय ज्ञानप्रणालीच्या नावाखाली काही ठिकाणी नुसती पीडीएफ वाचून दाखवतात. या तक्रारी प्राचार्यांकडे न्या, विद्यापीठाकडे लेखी द्या, पालकांनी मिळून जा. मीही बरोबर येईन. पण शिकवणं वाईट आहे म्हणून परीक्षा बुडवली तर शिक्षकाचं काही जात नाही, गुणपत्रकावर एफ मुलाचाच येतो.

सोमवारी भाची ओईच्या मॅडमना भेटली. राहिलेल्यांची इंटर्नल पुढच्या गुरुवारी पुन्हा घेणार आहेत. तिच्या वर्गातल्या अजून अकरा जणांनी दिली नव्हती, सगळ्यांकडे हाच मेसेज होता. तिने वर्गाच्या ग्रुपवर तारीख टाकली. दादाला मी कारखानदारांच्या ग्रुपवर दुरुस्ती टाकायला सांगितलंय. अजून टाकलेली नाही, म्हणून हे इथे लिहिलं. आता हेच तिथे टाक, दादा.