दोराच्या टोकाला गाठ का नव्हती

नमस्कार दादा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघी गोव्यातल्या नेत्रावळीच्या जंगलात कॅनियनिंगला, म्हणजे धबधब्यांवरून दोराने उतरत ओढ्यातून खाली जायला गेलो होतो, त्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तीस वर्षं सह्याद्रीत दोर हाताळणाऱ्या माणसाचा राग आहे, तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन सुटका होणार नाही. तुमचं म्हणणं असं की फोटोत दोराच्या टोकाला गाठ नाही, प्रुसिक (दोराला आवळून धरणारी छोटी दोरी) नाही, धबधबे पावसाळ्यातले, आणि तरी मी नवख्यांना खुशाल बोलावतेय.

नवख्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. ‘पोहता येत नसलं तरी चालतं’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. वेटसूट आणि लाइफ जॅकेट तरंगवतात हे खरं. पण धारेच्या थेट पायथ्याशी पाण्यात इतकी हवा मिसळलेली असते की ते पाणी माणसाला नीट उचलून धरत नाही. आमच्यातल्या एकीला पोहता येत नाही. ती त्या फेसात गेली, दोन-तीन सेकंदांत वर आली, गाइडने जॅकेटला धरून बाजूला ओढली. नंतर तासभर ती कुणाशी बोलली नाही. हे मी लेखात गाळलं, फोटो छान आले होते ना!

गाठीचं मात्र मान्य नाही. कोरड्या कड्यावर दोर संपून माणूस खाली जाऊ नये म्हणून टोकाला गाठ मारतात, आणि हात सुटला तर प्रुसिक धरून ठेवते. तिथे थांबणं म्हणजे वाचणं. धबधब्यात उलट. धारेखाली लटकून राहिलात तर पाणी डोक्यावर कोसळत राहतं आणि श्वास घ्यायला जागा उरत नाही. म्हणून गाइड दोर मोजून सोडतो, कोंडाच्या, म्हणजे खालच्या डोहाच्या, पाण्याला टोक जेमतेम टेकेल इतकाच. मी उतरताना ते टोक खाली पाण्यावर वळवळताना दिसत होतं आणि खरं सांगते, तुमच्यासारखाच माझाही जीव खालीवर झाला. पाय पाण्यात गेले, डिसेंडरमधून, म्हणजे उतरताना दोराला रोध देणाऱ्या कमरेच्या कडीतून, दोर सर्रकन निसटला आणि मी मोकळी. गाठ असती तर ती डिसेंडरला अडकली असती आणि मी धारेखालीच बांधलेली राहिले असते.

आणखी एक, जे फोटोत दिसणं शक्य नव्हतं. वर अँकरला, म्हणजे दोर जिथे बांधतात तिथे, तो कायमचा आवळलेला नसतो. तो वजनाखालीही सोडता येईल असा अडवलेला असतो. मध्येच कुणाचे केस किंवा कपडा डिसेंडरमध्ये अडकला, तर वरचा गाइड दोर सैल करत त्या माणसाला खाली पोहोचवतो. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, सगळा कारभार शिट्टी आणि हातांच्या खुणांवर.

पावसाळ्याचं म्हणाल तर इथे कॅनियनिंग पाऊस सरल्यावरच, साधारण ऑक्टोबरपासून. तुमच्याकडे कर्जत-कसाऱ्याला भर जुलैत धबधब्यावरून रॅपलिंग करवतात, त्याची आणि याची गल्लत नको. तरी ऑक्टोबरात दुपारी गडगडाट होतोच, आणि डोक्यावर ऊन असताना वर कुठेतरी पडलेला पाऊस व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, येऊन गाठतो. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळ जुलै १९९९ मध्ये असाच लोंढा आला आणि २१ जण गेले, त्यांत तीन गाइडही होते. आमचा गाइड दर टप्प्यावर पाण्याचा रंग बघत होता. गढूळ झालं किंवा पालापाचोळा वाहून यायला लागला की गप्पा बंद, काठावर चढायचं.

शेवटी तुम्ही जरा उपरोधानेच विचारलंत की एवढं सुरक्षित आहे तर जागेचं नाव का लपवलं. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीतल्याच मैनापी धबधब्यावर दोन जण बुडाले आणि त्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर प्रवेशबंदी घातली. मी नाव लिहिलं की पुढच्या रविवारी मोबाइलवर नकाशा लावून, दोराशिवाय, बाटल्या घेऊन कुणीतरी तिथे पोहोचणार. ते पोहण्याचं वाक्य आज सकाळी काढलं. जागेचं नाव येणार नाही.